उजवीकडचा समुद्र

नवापूर तालुक्यातल्या विसरवाडीहून समुद्र गाठायचा तर महामार्ग धरायचा. नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली मागे टाकत सुरत, आणि तिथून पुढे डुमसचा किनारा. वळणे सोडून सरळ रेघ ओढली तर हे अंतर सव्वाशे ते दीडशे किलोमीटर भरते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाचा डोळा मुंबईपासून साधारण एवढ्याच अंतरावर होता. भर समुद्रात होता आणि उत्तरेला, गुजरातकडे निघाला होता. मुंबईत तो आलाच नाही. रात्री तो दीव-ऊनाच्या परिसरात जमिनीवर चढला. तरीही त्या दिवशी कुलाब्यात वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले. सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला आणि मे महिन्यातला तोवरचा विक्रम मोडला. गेटवे ऑफ इंडियाच्या कठड्यावरून लाटा आत कोसळत होत्या. डुमसच्या पाण्यात काहीतरी घडावे आणि इकडे विसरवाडीच्या बाजारातली ताडपत्री उडून जावी, एवढा तो पल्ला.

टीव्हीवर आपण पाहिला तो किनारा. रेनकोट घातलेला वार्ताहर, वाकलेला माड, रस्त्यावर आडवे झालेले झाड. खरा समुद्र त्या वार्ताहराच्या पाठीमागे, क्षितिजापलीकडे होता, आणि तिथे माणसे होती.

मुंबईच्या नैर्ऋत्येला साठ-सत्तर किलोमीटरवर हीरा नावाचे तेलक्षेत्र आहे. तिथल्या तेल काढण्याच्या फलाटांवर काम करणाऱ्यांच्या राहण्यासाठी पी-३०५ हा बार्ज नांगरून ठेवला होता. अशा बार्जला स्वतःचे इंजिन नसते. टगबोटीने ओढून न्यायचे, नांगरांवर उभे करायचे आणि काम संपले की ओढून परत आणायचे. वादळात नांगर तुटले आणि बार्ज मोकळा झाला. वाहत जाऊन तो एका फलाटावर आदळला, तळाला भोक पडले आणि १७ तारखेच्या संध्याकाळी तो बुडाला. त्यावर २६१ जण होते. लाइफ जॅकेट घातलेली माणसे अंधारात तासन् तास पाण्यात तरंगत राहिली. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि इतर नौकांनी त्यातल्या १८६ जणांना वर काढले. सोबतच्या वरप्रदा या टगवरच्या तेरांपैकी दोघेच वाचले. दोन्ही मिळून ८६ जीव गेले. त्याच वादळात गॅल कन्स्ट्रक्टर हा दुसरा बार्ज किनाऱ्याकडे फरफटत आला. त्याच्यावरचे १३७ जण सुखरूप उतरवता आले.

दोन वाहते बार्ज, एक बुडाला आणि एक किनाऱ्याला लागला. नशिबाचा भाग आहेच. पण जवळून जाणारे चक्रीवादळ समुद्राचे नेमके काय करते, हे पाहू लागलो की नशिबाच्या आधी बरेच भौतिकशास्त्र येते, आणि ते थक्क करणारे आहे.

सुरुवात लाटेपासून. नवापूर तालुक्यात भाताच्या उभ्या पिकावरून वारा जातो तेव्हा शेतभर लाट पळताना दिसते. रोप मात्र मुळाशी तिथेच असते, फक्त वाकून पुन्हा उभे राहते. समुद्रातही पुढे जातो तो आकार आणि ऊर्जा. पाण्याचा थेंब गोल फिरतो, वर-पुढे-खाली-मागे, आणि बहुतेक होता तिथेच येतो. वरच्या थेंबाचे वर्तुळ लाटेच्या उंचीएवढे, त्याखालच्याचे लहान, आणखी खाली आणखी लहान. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर गेले की सगळे जवळपास शांत. पाणबुडीला वादळात खाली जाऊन निवांत राहता येते ते यामुळे.

आता हे मुंबईच्या समुद्राला लावून पाहा. दोन शिखरांमध्ये बारा सेकंदांचे अंतर असलेली लाट खोल पाण्यात सुमारे सव्वादोनशे मीटर लांब असते. म्हणजे तिची फिरती वर्तुळे एकशे दहा मीटरपर्यंत पोचतात. पण मुंबईसमोर तळ उथळ आहे. १९७४ मध्ये तेल लागलेल्या मुंबई हायवर पाणी साधारण ७५ मीटर, आणि किनाऱ्याकडे ते आणखी कमी होत जाते. जमिनीचा हा बुडालेला पायरीसारखा भाग मुंबईसमोर सुमारे तीनशे किलोमीटर रुंद पसरलेला आहे. खोल अरबी समुद्रात वाढलेली वादळी लाट या पायरीवर आली की तिचे पाय तळाला लागतात. वेग कमी होतो, लांबी आखडते, चढ तीव्र होतो. माणसे, फलाट, बार्ज सगळे याच पायरीवर.

लाट किती मोठी होणार, हे तीन गोष्टींवर ठरते. वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहिला आणि किती लांब पाण्यावरून वाहिला. पहिली गोष्ट सगळ्यांना कळते. गंमत उरलेल्या दोन गोष्टींत आहे. चक्रीवादळातला वारा गोल फिरतो, त्यामुळे तो एका दिशेने फार लांब वाहत नाही, वळतो. त्या हिशेबाने चक्रीवादळातल्या लाटा फार मोठ्या व्हायला नकोत. पण वादळ स्वतः चालत असते, आणि इथे सगळा खेळ बदलतो.

उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरते. ते ज्या दिशेला चालले आहे तिकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या उजव्या हाताला वारा वादळाच्याच दिशेने पळतो आहे, डाव्या हाताला तो उलट, मागे येतो आहे. उजवीकडे वादळाच्या चालीचा वेग वाऱ्यात मिळवला जातो, डावीकडे वजा होतो. एवढ्यावर संपत नाही. उजवीकडे उठलेली लाट वादळासोबत पळते. आठ सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी साधारण बावीस किलोमीटरने पुढे सरकतो. वादळ ताशी वीसच्या आसपास चालत असेल तर लाट आणि वारा तासन् तास एकमेकांना सोडत नाहीत. वारा तिला सतत पोसतो. ती वाढते, लांबते, लांबली की वेगवान होते आणि शेवटी वादळाला मागे टाकून पुढे निसटते. डावीकडची लाट मात्र जन्मल्यावर लगेच उलट्या दिशेने वाऱ्याच्या पट्ट्यातून बाहेर पडते. तिला खायला वेळच मिळत नाही.

तौक्ते उत्तरेला चालले होते. त्याच्या उजवीकडे कोण? रत्नागिरी, रायगड, हीराचे तेलक्षेत्र, मुंबई, पालघर. अख्खा कोकण किनारा.

याच्या उलट आदल्या वर्षीचे निसर्ग. ३ जून २०२० रोजी ते ईशान्येकडे चालत रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास आले. मुंबईपासूनचे त्याचे अंतर तौक्तेपेक्षा कमी होते. पण मुंबई त्याच्या डाव्या हाताला पडली आणि शहर मोठ्या तडाख्यातून सुटले. उजव्या हाताला होती मंडणगड-दापोलीची गावे. तिथल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. त्याहून खाली रत्नागिरीला, वादळाच्या केंद्रापासून शंभरावर किलोमीटर लांब, नांगरलेले बसरा स्टार हे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन बसले. निसर्ग मुळातही तौक्तेपेक्षा कमी ताकदीचे होते, हे खरे. तरी बातम्यांत ‘मुंबईपासून अमुक किलोमीटर’ एवढेच सांगतात तेव्हा मला चुटपुट लागते. अंतराच्या आधी बाजू सांगायला हवी.

शिडाच्या जहाजांचे कप्तान हे फार पूर्वी शिकले होते. वादळाच्या उजव्या अर्ध्याला ते धोक्याचा अर्धा मानत, डाव्याला त्यातल्या त्यात निभावता येण्याजोगा. पण भर समुद्रात, उपग्रह नसताना, आपण कोणत्या अर्ध्यात आहोत हे कळणार कसे? कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन याने १८४८ मध्ये खलाशांसाठी वादळाच्या नियमांचे पुस्तक काढले. त्यासोबत शिंगाच्या पातळ, पारदर्शक चकत्या दिल्या होत्या. चकतीवर वाऱ्याचे बाण गोलाकार छापलेले. कप्तानाने ती नकाशावर आपल्या जहाजाच्या जागी ठेवायची, वाहणाऱ्या वाऱ्याशी जुळणारा बाण शोधायचा की वादळाचा मध्य कुठे आहे ते चकतीतून खाली नकाशावर दिसे. वारा दिशा बदलत कोणत्या बाजूला फिरतो आहे यावरून आपण उजवीकडे की डावीकडे, तेही कळे. न दिसणारे शेकडो किलोमीटरचे वादळ शिंगाच्या एका तुकड्याखाली सापडायचे. मला हे उपकरण उपग्रहाइतकेच भारी वाटते.

हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये ‘समुद्र खवळलेला राहील’ असे येते, ते मोघम बोलणे नव्हे. लाटा अडीच ते चार मीटर असतील तर खवळलेला, चार ते सहा असतील तर अति खवळलेला. त्यापुढे सहा ते नऊ, नऊ ते चौदा, आणि चौदा मीटरच्या वर शेवटची पायरी. चौदा मीटर म्हणजे चार-पाच मजली इमारत. पण या आकड्यात एक मेख आहे. दिला जातो तो आकडा सगळ्या लाटांतल्या सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांच्या सरासरीचा असतो. जुन्या खलाशाने नुसत्या डोळ्याने लाटांची उंची सांगितली तर ती साधारण याच आकड्याशी जुळते, म्हणून ही पद्धत पडली. एकेकटी लाट त्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. बुलेटिन सहा मीटर म्हणाले तर काही तासांत अकरा-बारा मीटरची एखादी लाट येणार हे गृहीत धरायचे. नांगराची साखळी सरासरीने तुटत नाही, त्या एकटीने तुटते.

हा आकडा आता अंतराळातूनही मोजतात. २०१३ मध्ये श्रीहरिकोटाहून सोडलेला भारत-फ्रान्सचा ‘सरल’ उपग्रह सुमारे आठशे किलोमीटर उंचीवरून समुद्रावर रडारचा ठोका टाकायचा. पाणी सपाट असेल तर प्रतिध्वनी एकदम, धारदार येतो. लाटा असतील तर शिखरांवरून तो आधी येतो, खळग्यांतून उशिरा. तो उशीर म्हणजे सेकंदाचा कोट्यवधीवा भाग, आणि त्यावरून लाटेची उंची काढायची! हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही संस्था असे उपग्रह, समुद्रात तरंगणारे बोये आणि संगणकाची गणिते एकत्र करून किनाऱ्याला उंच लाटांचे इशारे देते. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढायच्या आधी हल्ली तांडेलाच्या मोबाइलवर निरोप आलेला असतो.

लाटा जन्मतात तेव्हा लहान-मोठ्या, लांब-आखूड सगळ्या एकात एक मिसळलेल्या असतात. वादळातून बाहेर पडल्यावर त्या आपोआप निवडल्या जातात. खोल पाण्यात लांब लाट जास्त वेगाने पळते, आखूड मागे पडते. चौदा सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी जवळपास चाळीस किलोमीटरने निघतो, म्हणजे वादळाच्या दुपटीने. म्हणून वादळ यायच्या दिवसभर आधी, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असताना, समुद्र लांब-लांब, संथ उसासे टाकू लागतो. वाऱ्याचा पत्ता नाही आणि होडी उगाचच चढते-उतरते आहे, अशा वेळी जुना नाखवा जाळे आवरायला घेतो. १९६० च्या दशकात वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने अंटार्क्टिकाजवळच्या वादळातून निघालेल्या लाटांचा पाठलाग करत त्या थेट अलास्कापर्यंत पोचल्याचे दाखवले. दहा हजारांहून अधिक किलोमीटर.

आपल्याकडे याचा पुरावा ओखीने दिला. नोव्हेंबर २०१७ अखेर कन्याकुमारीच्या दक्षिणेला उठलेले हे वादळ लक्षद्वीपवरून अरबी समुद्रात शिरले. केरळ-तामिळनाडूच्या मच्छीमारांना त्याने भर समुद्रात गाठले. शेकडो जण परतले नाहीत. काही नौका मात्र वाऱ्याबरोबर उत्तरेला निघाल्या. २ डिसेंबरला सिंधुदुर्गात देवगडच्या आसऱ्याला केरळच्या ६६ आणि तामिळनाडूच्या दोन नौका लागल्या, त्यांत ९५२ मच्छीमार होते. पुढच्या एक-दोन दिवसांत गोव्याच्या उत्तरेकडे, मोरजी-मांद्रे-हरमलच्या पुळणीवर, समुद्र चढला आणि किनाऱ्यावरचे शॅक मोडले. वादळ तेव्हा शेकडो किलोमीटर लांब होते. ३ डिसेंबरची पौर्णिमा होती, उधाणाची भरती होती आणि तिच्यावर स्वार होऊन ओखीच्या लाटा आल्या. आणि वारा म्हणावा तर फारसा नाही.

ओखीचा रोख पुढे सुरतेकडे होता, म्हणजे विसरवाडीच्या थेट पश्चिमेला. मुंबईत ५ डिसेंबरला शाळांना सुट्टी दिली. दुसऱ्या दिवशीच्या महापरिनिर्वाण दिनासाठी शिवाजी पार्कवर जमलेल्या लोकांचे पावसाने आणि चिखलाने हाल झाले. पण वादळ किनाऱ्याला लागता लागता विझले. डिसेंबरात उत्तर अरबी समुद्र थंडावलेला असतो, वरच्या थरातले वारे जोरदार असतात आणि ते वादळाचा माथा त्याच्या बुंध्यापासून ढकलून देतात. चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंशांहून ऊबदार पाणी लागते आणि माथा-बुंधा एका ओळंब्यात लागतो. दोन्ही गेले. सुरतेला आले ते नुसते ढग आणि पाऊस.

वादळ निघून गेल्यावर समुद्र पूर्ववत होतो असे वाटते. तसे नाही. वाऱ्याने वरचे ऊन पाणी आणि खालचे गार पाणी घुसळून एक केलेले असते. वादळाच्या वाटेवर थंड पाण्याचा पट्टा उरतो. दोन-तीन अंशांनी गार, कधी त्याहून जास्त, आणि उपग्रहाच्या चित्रात तो कित्येक दिवस दिसतो. आणि हा पट्टासुद्धा वाटेच्या मधोमध नसतो, उजवीकडे सरकलेला असतो! कारण उजवीकडे वाऱ्याची दिशा ज्या क्रमाने वळते, त्याच क्रमाने पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाण्याचा प्रवाहही वळत असतो. झोक्याला नेमक्या वेळी धक्के बसावेत तसे पाणी जास्त ढवळले जाते. खालच्या पाण्यासोबत खतही वर येते, आणि पाठोपाठ सूक्ष्म शैवालाचा हिरवा बहर. ज्या समुद्राने नौका गिळल्या त्यात आठवड्याभरात माशांचे खाणे तयार होते.

आणि एवढे सगळे होत असताना विसरवाडीची जमीन हलत असते. अतिशयोक्ती नाही. पावले, गाई-गुरे, कोंडाईबारी घाटात गियर टाकणारे ट्रक यांच्या थरथरीच्या पलीकडे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी, पाच-सहा सेकंदांच्या लयीत. संवेदनशील भूकंपमापक ठेवला तर समुद्रातले वादळ त्याच्या रेघेत दिसेल, इथेही आणि याहून कितीतरी आत, नागपुरातही.

आपल्याकडे हे नीट पाहिले गेले ते मुंबईत. १९२० च्या दशकात कुलाबा-अलिबाग वेधशाळेचे संचालक सुधांशुकुमार बॅनर्जी होते. पुढे १९४४ मध्ये ते हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. कुलाब्याचा भूकंपमापक कुठेही भूकंप नसताना बारीक कापत राहतो, आणि हा कंप मान्सूनचे वारे व समुद्रातली वादळे यांच्यासोबत वाढतो-घटतो, हे त्यांनी नोंदींवरून मांडले. त्यांचा निबंध १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. कोडे मात्र होतेच. लाटेचा दाब तर खोलीबरोबर मरतो, मग समुद्राचा तळ हलवतो कोण? उत्तर १९५० मध्ये लाँगेट-हिगिन्स या गणितज्ञाने दिले. समोरासमोरून येणाऱ्या सारख्या लाटा एकमेकींत घुसल्या की पाण्याचा दाब खाली मरत नाही, किलोमीटरभर खोलीवरही तळावर धपाधप बसतो, आणि तोही लाटांच्या दुप्पट लयीत. बारा सेकंदांच्या लाटा, सहा सेकंदांचा कंप. अशा समोरासमोरच्या लाटा मिळतात चालत्या वादळाच्या मागे, जिथे एका बाजूच्या लाटा दुसऱ्या बाजूच्या लाटांना भेटतात, आणि किनाऱ्याशी, जिथे लाट आपटून उलटी फिरते. तळावरचा तो ठोका मग दख्खनच्या काळ्या खडकातून आत, सह्याद्रीखालून, सातपुड्याच्या पायथ्याशी.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने कॅरिबियन समुद्राभोवती भूकंपमापक लावून हरिकेनचा माग काढायचा प्रयत्न केला होता. हरिकेन म्हणजे तिकडचे चक्रीवादळच. दिशा नीट सापडेना, विमाने आणि उपग्रह आले, आणि तो उद्योग बंद पडला. भूकंप शोधणाऱ्यांना तर हा कंप नकोसा गोंगाटच. पण हल्ली हवामानाचे अभ्यासक जगभरच्या वेधशाळांतले जुने भूकंप-कागद बाहेर काढून त्यांच्या प्रती संगणकात भरू लागले आहेत. उपग्रह नव्हते त्या काळातला समुद्र कधी किती उसळला होता, हे त्यांना त्या थरथरत्या रेघांवरून मोजायचे आहे.